कोकणातून पुण्यात आल्यापासून केस राठ आणि निस्तेज झाले आहेत. नेमके काय चुकते आहे?

देवरुखची लेक

नमस्कार मंडळी. माझे माहेर देवरुखजवळचे. लग्नानंतर चार वर्षे आम्ही रत्नागिरीत होतो आणि यजमानांच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या बाजूस राहायला आलो. माझे केस कमरेपर्यंत लांब आहेत आणि त्यांच्यासाठी मला आजवर वेगळे असे काहीही करावे लागले नव्हते. आठवड्यातून दोनदा न्हायचे, आदल्या रात्री खोबरेल चोळायचे, शिकेकाईच्या साबणाची वडी लावून केस धुवायचे आणि पंचात गुंडाळून वाळवायचे, एवढाच आमच्या घरचा रिवाज होता. तेवढ्यावर केस इतके तुकतुकीत राहत की अंबाड्याचा काटा वारंवार निसटे आणि मला त्याचाच वैताग येई.

पुण्यात आल्यावर चार-पाच महिन्यांतच फरक जाणवू लागला. न्हाऊन झाल्यावर ओल्या केसांना हात लावला की ते धुतल्यासारखे न वाटता चरबट आणि चिकट लागतात, फणी मध्येच अडकते आणि वाळल्यावर केस काथ्यासारखे होतात. फणीच्या दातांत पांढरट, मेणासारखा मळ साचतो. आधी मला तो कोंडा वाटला, पण टाळू स्वच्छ आहे आणि खाजही येत नाही. विशेष म्हणजे राठपणा केवळ टोकांना नाही. अगदी मुळापासून केसांवर मळभ आल्यासारखे दिसते.

मधल्या काळात मी सांगाल ते करून पाहिले आहे. अंडे लावले, दही लावले, कांद्याचा रस लावला आणि एकदा पिकलेले केळे कुस्करून लावले, त्याचे तुकडे पुढे दोन दिवस वेणीतून निघत होते. परवा एका पार्लरमध्ये चौकशी केली तेव्हा त्यांनी केस पाहताक्षणीच स्मूदनिंग करावे लागेल असे सांगून आठ हजारांचा आकडा सांगितला.

आमच्या इमारतीला बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. त्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, म्हणून स्वयंपाकाला आणि पिण्याला आरओचे पाणी घेतो. या पाण्याचा आणि केसांचा काही संबंध असेल का? स्मूदनिंग करून घ्यावे का? आणि तेल लावणे चालू ठेवावे की बंद करावे, कारण हल्ली तेल लावले की चिकटपणा अधिकच वाढतो? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मेथीदाणा

अगं, शिकेकाईचा साबण म्हणजे शिकेकाई नव्हे, हे आधी लक्षात घे. मी ७२ वर्षांची आहे आणि आजतागायत केसांना साबणाची वडी लावलेली नाही. आमच्या वाईच्या घरी वर्षाची शिकेकाई एकदाच, उन्हाळ्यात करून ठेवतात. एक किलो शिकेकाईच्या शेंगांना पाव किलो आवळकाठी, पाव किलो मेथ्या, मूठभर रिठे बिया काढून, आणि सुवासासाठी थोडा नागरमोथा आणि कपूरकाचरी, असे सगळे कडकडीत उन्हात वाळवायचे आणि मसाल्याच्या गिरणीतून दळून आणायचे. गिरणीवाल्याला शिंका येतात म्हणून तो कुरकुर करतो, त्याला दोन रुपये जास्त द्यायचे.

न्हाण्याच्या वेळी तीन चमचे पूड दोन भांडी पाण्यात उकळून, निवल्यावर तलम फडक्यातून गाळून घ्यायची. हे गाळणे कोणी चुकवू नये, कारण शेंगांचा भुगा केसांत अडकला की विंचरताना जीव नकोसा होतो आणि मग मुली शिकेकाईलाच नावे ठेवतात. रिठा जास्त घालू नकोस. त्याने केस कोरडे पडतात आणि डोळ्यांत गेला तर फार झोंबतो.

निवृत्त मास्तर

ताई, आपल्या मजकुरातील दोन गोष्टींवर माझी नजर अडकली: तूरडाळ शिजत नाही आणि फणीच्या दातांत मेणासारखा पांढरट मळ साचतो. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे, आणि दुष्फेन पाण्याचा धडा शिकवताना मुलांना याहून चांगले उदाहरण देता आले नसते. ज्याला आपण बोलीभाषेत जड पाणी म्हणतो, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. साबण, मग त्यावर शिकेकाईचे चित्र असो वा चंदनाचे, हा स्निग्धाम्लांचा सोडियम क्षार असतो. जड पाण्यात सोडियमची जागा कॅल्शियम घेते आणि पाण्यात न विरघळणारा, चिकट असा साका तयार होतो. आपल्या बादलीच्या कडेला पाण्याच्या रेषेवर जे पांढरे वर्तुळ धरत असेल, त्यातला बराचसा भाग हाच साका असतो. बादलीवर तो घासून काढता येतो. कमरेपर्यंतच्या केसांवर तो प्रत्येक न्हाण्यागणिक थर देऊन बसतो. त्यात आदल्या रात्रीचे तेल असले की साबणाचे निम्मे बळ क्षारांशी झगडण्यातच खर्ची पडते, तेल निघत नाही आणि दोहोंचे मिळून एक लुकण तयार होते. तेल लावल्यावर चिकटपणा वाढतो असे आपण म्हणता, त्याचे कारण हे आहे.

मग हाच साबण रत्नागिरीत का चालला? कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, ते पाणी जांभ्या दगडातून झरझर खाली उतरते, आणि जांभ्यात चुन्याचा अंश मुळातच फार थोडा असल्याने विहिरीचे पाणी बहुधा हलके राहते. देशावरच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमयुक्त खनिजे भरपूर असतात; खोल बोअरचे पाणी त्या दगडाच्या भेगांमध्ये दीर्घकाळ मुरत राहते आणि वाटेत ते क्षार उचलते. पुणे शहराला खडकवासल्याहून मिळणारे पाणी मात्र बरेच हलके आहे, त्यामुळे आपली एखादी मैत्रीण सदाशिव पेठेत राहून तोच साबण सुखाने वापरत असेल तर नवल वाटू देऊ नका.

आता केसांची चकाकी म्हणजे काय, तेही पाहू. केसाच्या बाहेरच्या बाजूस पातळ खवल्यांचे सहा ते आठ थर असतात आणि ते मंगलोरी कौलांसारखे एकावर एक, टोकाच्या दिशेने उतरते बसवलेले असतात. आपला एक लांब केस घेऊन दोन बोटांच्या चिमटीतून मुळाकडून टोकाकडे ओढा, तो गुळगुळीत लागेल. उलट्या दिशेने ओढा, तो किंचित खरखरेल. कौले नीट बसलेली असली की प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो आणि केस चमकतात. ती उचकटली, झिजली किंवा त्यांच्यावर राप बसला, की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि केस निस्तेज दिसतात. या तिन्ही गोष्टी डोळ्यांना सारख्याच दिसत असल्या तरी त्यांवरचे उपाय मात्र निरनिराळे आहेत, आणि आपल्या बाबतीत यांपैकी कोणती गोष्ट घडली हे ओळखण्याचा सोपा मार्ग आपणच लिहून गेला आहात.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. आपले केस पाऊण मीटर लांब आहेत असे धरले, तर टोकांकडचा केस पाच-सहा वर्षांपूर्वी उगवलेला आहे आणि पुण्यात उगवलेला भाग मुळापासूनचा जेमतेम वीतभर आहे. झीज असती तर ती जुन्या टोकांना अधिक आणि कोवळ्या मुळाशी नगण्य दिसली असती. राठपणा मुळापासून टोकापर्यंत सारखा आहे, याचा अर्थ वरून काहीतरी बसते आहे. जे बसले आहे ते काढता येते, ही समाधानाची बाब आहे.

माझ्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही, स्वतः प्रयोग करून पाहा. पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत निम्म्यापर्यंत नळाचे पाणी आणि दुसरीत तितकेच आरओचे पाणी भरा. आपल्याच साबणाचा हरभऱ्याएवढा कीस दोहोंत टाका, झाकणे लावा आणि वीस वेळा जोराने हलवा. हलक्या पाण्यावर फेसाचा जाड थर उभा राहील आणि खालचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेल. जड पाण्यात फेस धरणार नाही, पाणी दुधाळ होईल आणि थोड्या वेळाने त्यात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या तरंगू लागतील. भांडी घासण्याची पावडर किंवा शाम्पू मात्र या प्रयोगाला घेऊ नका. त्यांतील कृत्रिम प्रक्षालकांना जड पाण्यातही फेस येतो.

याच कारणामुळे आपल्याला शाम्पू हा साबणापेक्षा बरा. बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत ‘डायसोडियम ईडीटीए’ किंवा ‘टेट्रासोडियम ईडीटीए’ असा उल्लेख आहे का ते पाहा. हा पदार्थ कॅल्शियमला धरून ठेवतो आणि त्याला केसांवर बसू देत नाही. साचलेला थर काढण्यासाठी अशा शाम्पूने एकदा केस धुवा, मग एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधे पांढरे व्हिनेगर मिसळून ते केसांवरून ओता, दोन मिनिटांनी पुन्हा शाम्पू करा आणि शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे घ्या. आम्लाने साक्यातला कॅल्शियम सुटतो आणि मागे उरलेले स्निग्धाम्ल दुसऱ्या शाम्पूने निघून जाते, म्हणून हा क्रम उलटा करू नये.

एक सावधगिरी. आरओच्या यंत्रातून नळीवाटे बाहेर पडणारे पाणी बादलीत साठवून लादी पुसायला वापरण्याची चांगली सवय अनेक घरांत आहे. तेच पाणी केसांना घेऊ नका. यंत्राने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात आणि ते नळाच्या पाण्याहूनही जड असते.

मेथीदाणा

मास्तर, आपण हे शास्त्र उलगडून सांगितलेत म्हणून एक आठवण झाली. माझ्या आजीचे घर सोलापूरकडे होते आणि तिथल्या विहिरीचे पाणी इतके खारवट असे की त्यात साबण लावला तर धोतरे पिवळी पडत. पावसाळा लागला की आजी पागोळ्यांखाली घंगाळ मांडून ठेवी आणि आम्हा मुलींची डोकी त्या पाण्याने धुऊन देई. पहिल्या दोन पावसांचे पाणी ती घेत नसे, कारण त्यात छपरावरची धूळ उतरते. तेव्हा आम्हाला तो तिचा सोस वाटत असे.

पण मला सांगा, माझ्या शिकेकाईचाही असा साका होतो का? आमच्याकडे कृष्णेचे पाणी आहे, त्यामुळे मला कधी अनुभव आला नाही.

निवृत्त मास्तर

आजी, होत नाही. शिकेकाई आणि रिठा यांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांना फेस येतो, पण रासायनिकदृष्ट्या ती साबण नव्हेत, त्यामुळे कॅल्शियमशी त्यांचा तसा साका बनत नाही. शिवाय शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असतो आणि साबण अल्कधर्मी. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो आणि वरची कौले उचलली जातात. त्यामुळे आपली शिकेकाई या दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण आहे. तिने तेल थोडे कमी निघते, तेवढे मात्र खरे.

आरसा आणि कात्री

मी सांगलीत बावीस वर्षे ब्यूटी पार्लर चालवते आहे, म्हणून स्मूदनिंगच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. केसांचा आकार त्यांच्यातील गंधकाच्या बंधांमुळे टिकतो. स्मूदनिंग आणि स्ट्रेटनिंग या दोन्हींत बहुधा थायोग्लायकोलेटयुक्त क्रीम लावून ते बंध तोडतात, केस तापलेल्या इस्त्रीने सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून बंध पुन्हा त्याच सरळ अवस्थेत जोडतात. कुरळे किंवा वळणदार केस सरळ करायचे असतील तर त्याला काही अर्थ आहे. ताईंचे केस मुळात सरळ आणि तुकतुकीत होते. त्यांच्यावर राप बसला आहे म्हणून त्यांचे आतले बंध तोडणे म्हणजे भिंतीला काजळी धरली म्हणून भिंत पाडण्यासारखे आहे. शिवाय नवीन उगवणारा केस आपल्या मूळ स्वभावानेच उगवतो, त्यामुळे पाच-सहा महिन्यांत मुळाशी एक पोत आणि खाली दुसरा पोत अशी अवस्था होते आणि गिऱ्हाईक पुन्हा खुर्चीत येऊन बसते. आमच्या धंद्याच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे, हे मी नाकारत नाही.

केराटिन नावाची जी सेवा मिळते तिच्याविषयी मी अधिक सावध राहीन. त्यात केसांवर द्रव लावून सुमारे दोनशे अंश सेल्सिअस तापमानाची इस्त्री फिरवतात. जुन्या प्रकारच्या द्रवांमध्ये फॉर्मॅल्डिहाइड असते, किंवा तापवल्यावर ते देणारे मिथिलीन ग्लायकॉल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. बंद, वातानुकूलित खोलीत दिवसातून चार वेळा ती वाफ घेणाऱ्या माझ्यासारख्या बाईला गिऱ्हाइकापेक्षा अधिक भोगावे लागते. माझे डोळे सतत चुरचुरू लागले आणि हाताखालच्या मुलीला खोकला लागला, तेव्हा मी ही सेवा बंद केली. नव्या, ‘फॉर्मॅल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक द्रवांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असते, आणि २०२४ साली एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणीची हकिगत छापून आली होती, जिच्या मूत्रपिंडांना अशा उत्पादनाने केस सरळ करून घेतल्यानंतर, एकदा नव्हे तर तीन वेळा इजा झाली होती.

आठ हजारांऐवजी दोनशे-तीनशे रुपयांचा साधा कंडिशनर घ्या आणि तो नीट लावायला शिका, कारण दहातल्या नऊ जणी तो चुकीचा लावतात. शाम्पू धुऊन झाल्यावर केसांतील पाणी दोन्ही तळव्यांत दाबून काढा. पाणी निथळत असताना कंडिशनर लावला तर तो केसांवर न थांबता मोरीत जातो. मग लिंबाएवढा कंडिशनर तळहातांवर पसरून कानाच्या पाळीखालच्या केसांनाच लावा, टाळूला नको. रुंद दातांचा कंगवा टोकांकडून सुरू करून हळूहळू वर न्या, दोन-तीन मिनिटे थांबा आणि केस धुवा. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधील मुख्य द्रव्यावर धन, त्यामुळे जिथे केस अधिक झिजला असेल तिथेच ते अधिक चिकटते, असे आम्हाला एका प्रशिक्षणात शिकवले होते. लावताना बोटांखाली ते अक्षरशः जाणवते. खरखरीत बट पाहता पाहता बोटांतून निसटू लागते.

आपला पंचा मात्र सोडू नका. जाड टर्किश टॉवेलने खसाखसा केस पुसण्यापेक्षा पंचाने टिपून घेणे केव्हाही चांगले, कारण ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. रात्री सैल वेणी घालून झोपा. कपाटात एखादी जुनी रेशमी साडी विरत पडली असेल तर तिचा अभ्रा शिवून घ्या. मी माझ्या लग्नातल्या शालूचा शिवला, तेव्हा आई आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती.

त्वचेचा डॉक्टर

मी नाशिकमध्ये त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. मास्तरांचे निदान मला पटते. एक गोष्ट मात्र जोडतो. जड पाण्याने केसांची मजबुती कमी होते का, यावर झालेल्या थोड्याफार अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे पाण्याने टक्कल पडते वगैरे भीती कोणी बाळगू नये. साका बसणे, गुंता होणे आणि गुंता ओढताना केस तुटणे, एवढे मात्र नक्की घडते.

तेलाविषयी विचारले आहे. २००३ साली मुंबईतील संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केस धुताना आणि विंचरताना होणारी प्रथिनांची झीज केवळ खोबरेलाने लक्षणीय कमी केली असे आढळले. खोबरेलातील प्रमुख स्निग्धाम्ल म्हणजे लॉरिक आम्ल. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते, आणि त्यामुळे केस पाणी कमी शोषून कमी फुगतो. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हे सांगणे माझे कर्तव्य आहे, पण खोबरेल केसाच्या आत मुरते ही गोष्ट पुढेही दिसून आली आहे. तेव्हा तेल बंद करू नका. न्हाण्याआधी तास-दोन तास, केसांच्या लांबीवर आणि विशेषतः टोकांना, छोटे दोन चमचे तेल पुरे. रात्रभर ठेवायचे तर ठेवा, पण त्याने दुप्पट लाभ होत नाही.

ज्यांना खरोखर कोंडा आहे त्यांनी मात्र टाळूवर तेल चोळू नये. कोंड्याशी संबंधित असलेली मॅलॅसेझिया ही यीस्ट टाळूवरच्या तेलावरच पोसली जाते, आणि कोंडा वाढला म्हणून आणखी तेल घालणारे रुग्ण मी आठवड्यातून निदान चार पाहतो.

अंडे आणि दही यांविषयी थोडक्यात: त्यांतील प्रथिनांचे रेणू केसाच्या आत शिरण्याच्या मानाने फार मोठे असतात, जो मऊपणा जाणवतो तो वरवरच्या थराचा असतो आणि पुढच्या धुण्यात जातो. अंडे गरम पाण्याने धुऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो; माझ्या धाकट्या बहिणीच्या केसांत एकदा त्याची पोळी झाली होती. लिंबाचा रस टाळूला लावून उन्हात बसू नका, त्याने त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात.

ताई, वर सांगितलेले उपाय दोन महिने करूनही केस राठच राहिले, किंवा सोबत थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, पाळीत अतिस्राव अशी लक्षणे असतील, तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, तपासून घ्या. थायरॉइडचे कार्य मंदावले की केस कोरडे आणि खरखरीत होतात, आणि त्याला कोणताही शाम्पू पुरा पडत नाही. तपासणीआधी केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना अवश्य सांगा. बायोटिनची खरी कमतरता फार विरळ असते, पण त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या रक्तचाचणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

मेथीदाणा

डॉक्टरसाहेब, टाळूला तेल नको म्हणता, मग नरकचतुर्दशीला अभ्यंग कुठे करायचा?

त्वचेचा डॉक्टर

आजी, ज्यांना कोंडा नाही त्यांनी खुशाल करावा. ज्यांना आहे त्यांनी वर्षातून एकदा केला म्हणून काही बिघडत नाही. माझी तक्रार उरलेल्या ३६४ दिवसांच्या अभ्यंगाविषयी आहे.

देवरुखची लेक

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. मुद्दामच चार आठवडे थांबून उत्तर लिहिते आहे.

बाटल्यांचा प्रयोग त्याच संध्याकाळी केला. आरओच्या बाटलीत चार बोटे फेस उभा राहिला. नळाच्या पाण्याच्या बाटलीत फेसाची जेमतेम एक कड दिसली, पाणी तांदळाच्या धुवणासारखे झाले आणि दहा मिनिटांनी त्यात अगदी बारीक पांढरे कण फिरू लागले. मी एक कण बोटावर घेतला, तर तो तसाच चिकट, मेणचट लागला, जसा फणीच्या दातांत सापडतो. यजमानांनी ती बाटली दोन दिवस ओट्यावर ठेवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हलवून दाखवत होते.

मास्तरांनी सांगितलेल्या क्रमाने पहिल्यांदा केस धुतले तेव्हा व्हिनेगरचा वास दिवसभर जाईल की नाही अशी भीती वाटत होती, पण दुसऱ्या शाम्पूनंतर तो राहिला नाही. ओल्या केसांना कित्येक महिन्यांनी तो करकरीतपणा आला. खरा फरक तिसऱ्या न्हाण्यानंतर दिसला. आता व्हिनेगर पंधरा दिवसांतून एकदाच घेते, एरवी शाम्पू, कंडिशनर आणि शेवटी आरओचे दोन तांबे. यंत्राच्या नळीतले पाणी मी खरोखरच केसांना घेत होते, पाणी वाया जाऊ नये म्हणून. त्यामुळे मास्तरांची ती सावधगिरी वाचून मी कपाळावर हात मारला.

मुळापासून पाठीच्या मध्यापर्यंत केस आता पूर्वीसारखे दिसतात. खालचे वीतभर मात्र अजून राठ आहेत आणि त्यांना फाटे फुटले आहेत. थायरॉइडची तपासणीही करून घेतली, ती व्यवस्थित आहे, हिमोग्लोबिन १०.४ निघाले, त्यासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. प्रयोगाची बाटली पाहून सोसायटीच्या बैठकीत चर्चा झाली आणि पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतले. अहवालात एकूण कठीणता लिटरला ५४० मिलिग्रॅम लिहिली आहे आणि खाली ‘मर्यादेत’ असा शेरा आहे. मग हे पाणी जड म्हणायचे की नाही?

आरसा आणि कात्री

फाटे फुटलेले टोक कोणत्याही सीरमने जोडले जात नाही, वरून चार तास चिकटल्यासारखे दिसते इतकेच. वीतभर कापायला मन धजत नसेल तर दर दोन महिन्यांनी तीन बोटे कापत जा; वर्षभरात खालचा खराब भाग निघून जाईल आणि लांबीही फारशी कमी झाल्यासारखी वाटणार नाही. कापताना कात्री धारदार असू द्या. घरातल्या कागद कापण्याच्या कात्रीने केस चेचला जातो आणि तिथूनच नवा फाटा फुटतो.

निवृत्त मास्तर

अहवाल आणि आपला अनुभव, दोन्ही बरोबर आहेत. भारतीय मानक आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचे मानक आहे. त्यात एकूण कठीणतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. प्रयोगशाळेने ही दुसरी मर्यादा धरून शेरा मारला आहे. ते पाणी प्यायल्याने अपाय होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. साबणाच्या दृष्टीने ५४० म्हणजे अतिशय जड पाणी.

सोसायटी सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी हलके करणारे यंत्र, बसवण्याचा विचार करत असेल तर बैठकीत दोन गोष्टी मांडा. त्यातील राळ कॅल्शियम धरून बदल्यात सोडियम सोडते आणि ती ठरावीक काळाने मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजी करावी लागते, त्यामुळे मिठाचा खर्च आणि ते काम नियमाने करणारा माणूस, या दोन्हींची तरतूद आधी हवी. नाहीतर सहा महिन्यांत यंत्र नुसते शोभेचे उरते. आणि राळ धुऊन निघालेले खारे पाणी बागेत सोडू देऊ नका, झाडे जळतील.